हलक्या अणुकेंद्रकांच्या उत्तेजित अवस्था: पातळ्यांचा तक्ता कसा वाचायचा

कार्बन-12 च्या पातळ्यांचा तक्ता उघडला की नजर आधी ऊर्जेच्या रकान्यावर जाते: 4.44, 7.65, 9.64, 10.84, 12.71, 15.11 एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट; केईव्ही म्हणजे हजार, ईव्ही म्हणजे एक). साहजिकच वाटतं, की जितकी वरची पातळी तितकी ती अस्थिर. पण 12.71 ची पातळी 10.84 च्या वर असूनही तिच्यापेक्षा दहा हजार पटींहून जास्त वेळ टिकते, आणि 15.11 ची पातळी तर एवढ्या उंचीवर असूनही मुख्यतः गॅमा किरण सोडून खाली उतरते. नुसत्या उंचीवरून फारसं काही कळत नाही. पातळी कोणत्या उंबरठ्यापासून (ज्या ऊर्जेला केंद्रक फुटू शकतं, त्यापासून) किती दूर आहे आणि तिला कोणत्या वाटा बंद आहेत, हे पाहावं लागतं. त्यातही जी पातळी ऊर्जेच्या हिशेबाने सहज फुटायला हवी पण फुटत नाही, ती सगळ्यात जास्त सांगून जाते.

हा हिशेब हाताने करता येतो. साधा कॅल्क्युलेटर पुरतो. स्पिन, पॅरिटी आणि कूलॉम बल यांची तोंडओळख असावी, एवढीच अपेक्षा. ‘हलकी’ म्हणजे इथे साधारण वस्तुमानांक 20 पर्यंतची केंद्रकं. त्यांच्या पातळ्या विरळ असतात, म्हणून प्रत्येकीची स्वतंत्र चौकशी करता येते. जड केंद्रकांत त्या इतक्या दाटीने येतात की सरासरीवर भागवावं लागतं.

हाताशी काय हवं

दोन गोष्टी: अणुवस्तुमानांचा तक्ता आणि पातळ्यांचा तक्ता. पहिल्यासाठी 2020 चं अणुवस्तुमान मूल्यांकन घ्यावं. दुसऱ्यासाठी ब्रुकहेवन प्रयोगशाळेचं ‘न्यूडॅट’ सोयीचं आहे. मात्र हलक्या केंद्रकांसाठी अमेरिकेतल्या ट्रँगल युनिव्हर्सिटीज न्यूक्लिअर लॅबोरेटरीची वस्तुमानांक 3 ते 20 ची मूल्यांकनं मला अधिक कामाची वाटतात. थॉमस लॉरिट्सन आणि फे आयझेनबर्ग-सेलोव्ह यांनी ही परंपरा घडवली. कोणती पातळी कोणत्या अभिक्रियेत दिसली, हे त्यांत सविस्तर मिळतं.

तक्ता वाचताना दोन सवयी लावून घ्याव्यात. स्पिन-पॅरिटी कंसात असेल तर ती पक्की नाही, असं समजायचं. तिच्यावर पुढचा डोलारा उभा करू नये. आणि ऊर्जा कुठून मोजली आहे ते तपासायचं. अभिक्रियांच्या शोधनिबंधांत बहुधा झोताची ऊर्जा दिलेली असते, केंद्रकाची उत्तेजन ऊर्जा नव्हे. उदाहरणार्थ, लिथियम-7 वर प्रोटॉन सोडले की 441 केईव्हीला अनुस्पंदन, म्हणजे अभिक्रिया एकदम वाढलेली, दिसतं. वस्तुमानकेंद्राच्या चौकटीत त्याचे 7/8, म्हणजे 386 केईव्ही उरतात. बेरिलियम-8 मध्ये प्रोटॉनचा उंबरठा 17.255 एमईव्हीवर आहे. बेरीज 17.64, आणि तक्त्यातली 1+ (स्पिन 1, पॅरिटी धन) पातळी नेमकी तिथेच सापडते.

पाऊल पहिलं: आधी उंबरठे आखा

पातळ्यांकडे पाहण्याआधी केंद्रक कोणकोणत्या तुकड्यांत फुटू शकतं आणि त्यासाठी किमान किती ऊर्जा लागते, ते काढायचं. तुकड्यांच्या वस्तुमान आधिक्यांची (अणूचं वस्तुमान आणि वस्तुमानांक यांतला फरक, ऊर्जेच्या एककात) बेरीज करायची, त्यातून मूळ केंद्रकाचं आधिक्य वजा करायचं. कार्बन-12 चं आधिक्य व्याख्येनेच शून्य, त्यामुळे तिथे नुसती बेरीज पुरते (सगळे आकडे एमईव्हीमध्ये; अल्फा म्हणजे हेलियम-4 चं केंद्रक):

अल्फा + बेरिलियम-8: 2.425 + 4.942 = 7.367
तीन अल्फा: 3 × 2.425 = 7.275
प्रोटॉन + बोरॉन-11: 7.289 + 8.668 = 15.957
न्यूट्रॉन + कार्बन-11: 8.071 + 10.649 = 18.720

पहिल्या दोन ओळींतला 92 केईव्हीचा फरक लक्षात ठेवा. बेरिलियम-8 दोन अल्फांपेक्षा तेवढंच जड आहे, म्हणूनच ते टिकत नाही.

आता या आडव्या रेषा पातळ्यांच्या आकृतीवर काढा. 4.44 ची 2+ पातळी सगळ्या उंबरठ्यांच्या खाली आहे, तेव्हा तिला गॅमाशिवाय गत्यंतर नाही. 7.37 ते 15.96 च्या पट्ट्यात फुटायचं तर फक्त अल्फांत. त्याच्या वर प्रोटॉनचं दार उघडतं.

इथे नेहमी होणारी गफलत म्हणजे फक्त प्रोटॉन-न्यूट्रॉनचे उंबरठे काढून थांबणं. लिथियम-6 अल्फा आणि ड्यूटेरॉनमध्ये (हायड्रोजन-2 चं केंद्रक) फुटायला 1.474 एमईव्ही पुरतात, लिथियम-7 अल्फा आणि ट्रिटॉनमध्ये (हायड्रोजन-3 चं केंद्रक) फुटायला 2.468. हलक्या केंद्रकांत सर्वांत खालचा उंबरठा बहुतेकदा अल्फाचाच असतो, कारण हेलियम-4 विलक्षण घट्ट बांधलेलं आहे. त्याची बंधऊर्जा 28.3 एमईव्ही आहे, आणि त्याची पहिली उत्तेजित अवस्था थेट 20.21 एमईव्हीवर आहे, म्हणजे प्रोटॉन बाहेर पडण्याच्या 19.81 च्या उंबरठ्याच्याही वर.

पाऊल दुसरं: रुंदीचं आयुष्य करा

कमी आयुष्याच्या पातळ्यांसाठी तक्त्यात वेळेऐवजी रुंदी, म्हणजे पातळीच्या ऊर्जेतली अनिश्चितता, दिलेली असते. 6.58 × 10⁻¹⁶ ला ईव्हीतल्या रुंदीने भागलं की सेकंदांत सरासरी आयुष्य मिळतं. अर्धायुष्य हवं असेल तर त्याला 0.693 ने गुणायचं.

बेरिलियम-8 ची मूळ अवस्था: रुंदी 5.57 ईव्ही, आयुष्य 1.2 × 10⁻¹⁶ सेकंद. त्याचीच 3.03 एमईव्हीची 2+ पातळी: रुंदी सुमारे 1.5 एमईव्ही, आयुष्य 4.4 × 10⁻²² सेकंद, म्हणजे न्यूक्लिऑनला (प्रोटॉन किंवा न्यूट्रॉनला) केंद्रक ओलांडायला लागतो जवळपास तेवढाच वेळ. कार्बनची 4.44 ची पातळी: रुंदी 10.8 मिली-ईव्ही, आयुष्य 6.1 × 10⁻¹⁴ सेकंद. इंग्रजी तक्त्यांत मिली आणि मेगा यांच्यात फक्त लहान-मोठ्या अक्षराचा फरक असतो आणि चुकलं तर एक अब्ज पटींनी चुकतं, तेव्हा एककाकडे दोनदा पाहावं.

पाऊल तिसरं: स्पिन-पॅरिटीच्या चाळणीतून काढा

खरी गंमत या पावलात आहे. ऊर्जा परवानगी देते, पण कोनीय संवेग आणि पॅरिटी दोन्ही राखल्याशिवाय फुटता येत नाही. दोन तुकड्यांचे स्पिन आणि त्यांचा एकमेकांभोवतीचा कक्षीय कोनीय संवेग मिळून मूळ पातळीचा स्पिन यायला हवा. तुकड्यांच्या स्वतःच्या पॅरिटी आणि कक्षीय भागाची पॅरिटी (कक्षीय आकडा सम असेल तर धन, विषम असेल तर ऋण) यांचा गुणाकार मूळ पॅरिटीशी जुळायला हवा.

दोन्ही तुकडे 0+ असतील तर नियम अगदी सोपा होतो. कक्षीय आकडा म्हणजेच स्पिन, आणि पॅरिटी त्यावरून आपोआप ठरते. 0+, 1−, 2+, 3− चालतात; 1+, 2−, 3+ चालत नाहीत. पहिल्या गटाला ‘नैसर्गिक पॅरिटी’च्या पातळ्या म्हणतात.

आता कार्बनची 12.71 ची 1+ पातळी घ्या. उंबरठ्याच्या 5.3 एमईव्ही वर असूनही अल्फा आणि बेरिलियम-8 ची मूळ अवस्था, दोन्ही 0+, ही वाट तिला पूर्ण बंद. उरते बेरिलियम-8 च्या 3.03 च्या 2+ पातळीची वाट. तिथे स्पिन 2 आणि कक्षीय 2 मिळून 1 होऊ शकतो, आणि पॅरिटीही जुळते. पण त्या वाटेवर हाती फक्त 2.3 एमईव्ही उरतात. परिणामी तिची रुंदी जेमतेम 18 ईव्ही, तर खालच्या 10.84 च्या 1− पातळीची जवळपास 270 केईव्ही. सुरुवातीचं कोडं इथे सुटतं.

याहून नेटकं उदाहरण लिथियम-6 मध्ये आहे. 2.186 ची 3+ पातळी अल्फा आणि ड्यूटेरॉनमध्ये फुटते: ड्यूटेरॉनचा स्पिन 1, कक्षीय 2, बेरीज 3, पॅरिटी धन. रुंदी 24 केईव्ही. तिच्या वरची 3.563 ची पातळी 0+ आहे. ड्यूटेरॉनच्या 1 मधून शून्य मिळवायचं तर कक्षीय आकडा 1 च हवा, आणि मग पॅरिटी ऋण येते. म्हणजे वाट बंद. शिवाय या पातळीचा आयसोस्पिन (प्रोटॉन आणि न्यूट्रॉन ही एकाच कणाची दोन रूपं मानून धरलेला, स्पिनसारखा अंक) 1 आहे आणि अल्फा-ड्यूटेरॉन जोडीचा 0, हे दुसरं कुलूप. उंबरठ्याच्या दोन एमईव्ही वर असलेली ही पातळी गॅमा सोडून उतरते, आणि रुंदी फक्त 8 ईव्ही.

‘बंद’ म्हणजे किती बंद? ऑक्सिजन-16 ची 8.87 ची 2− पातळी अल्फाच्या 7.162 च्या उंबरठ्यावर 1.7 एमईव्ही आहे. पॅरिटी राखली तर तिला कार्बन-12 च्या मूळ अवस्थेत अल्फा सोडता येत नाही. तरीही असा क्षय अत्यंत विरळ होतो, आणि त्याची रुंदी मोजली गेली आहे: सुमारे 10⁻¹⁰ ईव्ही. पॅरिटी न पाळणाऱ्या दुर्बल अन्योन्यक्रियेचा अंश केंद्रकाच्या आतही असतो, याचा हा पुरावा. तक्त्यातला एखादा हास्यास्पद वाटणारा लहान आकडा छपाईची चूक समजून सोडून देऊ नये, तो असा.

ताऱ्यांवरही या चाळणीचा परिणाम होतो. निऑन-20 मध्ये अल्फाचा उंबरठा 4.730 वर, आणि त्यानंतर लगेच 4.967 ची पातळी. ऑक्सिजनने अल्फा पकडून निऑन व्हायला जागा अगदी सोयीची. पण ती 2− निघते, म्हणून निरुपयोगी. पुढची कामाची पातळी 5.62 ला आहे. हेलियम जाळणाऱ्या ताऱ्यांत ऑक्सिजन शिल्लक राहतो, त्यात या एका वजाच्या चिन्हाचा वाटा मोठा आहे.

गॅमासाठीही चाळणी आहेच. 0+ वरून 0+ वर एका गॅमाने जाता येत नाही, कारण फोटॉनला किमान 1 कोनीय संवेग न्यावाच लागतो. ऑक्सिजनची 6.05 ची 0+ पातळी म्हणून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी सोडते आणि 67 पिकोसेकंदांचं अर्धायुष्य मिळवते.

पाऊल चौथं: अडथळा किती उंच

वाट उघडी असली तरी कूलॉमचा आणि केंद्रोत्सारी असे दोन अडथळे उभे असतात. कूलॉम अडथळा एमईव्हीमध्ये: 1.44 गुणिले दोन्ही अणुक्रमांक, भागिले फेम्टोमीटरमधलं अंतर. अल्फा आणि बेरिलियम-8 साठी अंतर 4.7 फेम्टोमीटर धरलं तर सुमारे अडीच एमईव्ही. केंद्रोत्सारी अडथळा: कक्षीय आकडा गुणिले त्याच्या पुढचा आकडा, त्याला 20.9 ने गुणायचं, मग लघुकृत वस्तुमान (दोन्ही तुकड्यांच्या वस्तुमानांकांचा गुणाकार भागिले बेरीज; इथे 2.67) आणि अंतराचा वर्ग यांनी भागायचं. कक्षीय 1 साठी 0.7, 3 साठी 4.3 एमईव्ही येतात.

आता 9.64 ची 3− आणि 10.84 ची 1− यांची तुलना करा. पहिलीकडे उंबरठ्यावरची ऊर्जा 2.3 एमईव्ही आणि समोर एकूण 6.8 चा अडथळा. तिला टनेलिंग करूनच, म्हणजे अडथळ्याच्या आरपार, जावं लागतं आणि रुंदी 50 केईव्हीच्या आत राहते. दुसरीकडे 3.5 एमईव्ही आणि समोर 3.2 चा अडथळा. ती जवळपास वरूनच निघून जाते.

या हिशेबाचा दुसरा उपयोग अधिक मोलाचा आहे. मोजलेल्या रुंदीतून टनेलिंगचा भाग काढून टाकला की उरते लघुकृत रुंदी, म्हणजे तुकडे केंद्रकाच्या कडेला आधीच तयार असण्याची खूण. तिची तुलना विग्नर मर्यादेशी, म्हणजे लघुकृत रुंदीच्या सैद्धांतिक कमाल मूल्याशी, करायची, जी इथे 1 एमईव्हीच्या आसपास येते. लघुकृत रुंदी या मर्यादेच्या जवळ गेली तर ती पातळी अल्फांच्या गटांनीच बनलेली आहे. शंभरावा-हजारावा भाग असेल तर रचना वेगळी. निवडलेल्या अंतरानुसार उत्तर बदलतं, म्हणून दोन-तीन अंतरांसाठी करून पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

पाऊल पाचवं: गॅमाला वाइसकोप्फची फूटपट्टी लावा

एकाच प्रोटॉनने उडी मारली असं मानून वाइसकोप्फने रुंदीचे अंदाज दिले. ऊर्जा एमईव्हीमध्ये घेतली की ईव्हीमध्ये (ई म्हणजे विद्युत, एम म्हणजे चुंबकीय संक्रमण, पुढचा आकडा फोटॉनने नेलेला कोनीय संवेग): ई1 साठी 0.068 × वस्तुमानांकाचा 2/3 घात × ऊर्जेचा घन. एम1 साठी 0.021 × ऊर्जेचा घन. ई2 साठी 4.9 × 10⁻⁸ × वस्तुमानांकाचा 4/3 घात × ऊर्जेचा पाचवा घात.

कार्बनची 4.44 ची पातळी ई2 ने उतरते. अंदाज 2.3 मिली-ईव्ही, मोजलेली रुंदी 10.8. साडेचार पटींहून थोडी जास्त, म्हणजे उडी एकट्या प्रोटॉनची नाही, अनेक न्यूक्लिऑन एकत्र हलतात. उलट ऑक्सिजनची 7.117 ची 1− पातळी. ई1 चा अंदाज 156 ईव्ही, मोजलेली रुंदी 55 मिली-ईव्ही, म्हणजे अंदाजाच्या साधारण तीन हजारावा भाग. कारण आयसोस्पिन. प्रोटॉन-न्यूट्रॉन समसमान असलेल्या केंद्रकात आयसोस्पिन 0 वरून 0 वर ई1 निषिद्ध असतं. थोडंफार मिसळण झालेलं असतं म्हणून एवढी तरी रुंदी दिसते. कार्बनची 15.11 ची 1+ पातळी आयसोस्पिन 1 ची आहे. अल्फांत फुटायला तिला आयसोस्पिन आडवा येतो, तर एम1 ला मोकळं रान मिळतं: अंदाज 72 ईव्ही, मूळ अवस्थेकडे मोजलेली रुंदी 38 च्या आसपास.

बेरिलियम-11 हा याला मजेशीर अपवाद. त्याची मूळ अवस्था 1/2+ आणि 320 केईव्हीवर 1/2−; साध्या कवच प्रतिमानाने (न्यूक्लिऑन ठरावीक कवचांत भरत जातात असं मानणाऱ्या) क्रम उलटा सांगितला असता. दोघींमधलं ई1 वाइसकोप्फ अंदाजाच्या तिसऱ्या भागाहून जास्त आहे, हलक्या केंद्रकांत एरवी न दिसणारं. शेवटचा न्यूट्रॉन अवघ्या अर्ध्या एमईव्हीने बांधलेला असल्यामुळे त्याचा विस्तार फार मोठा आहे, हे त्यामागचं कारण.

पाऊल सहावं: रचनेचा निष्कर्ष

इकेदा, ताकिगावा आणि होरिउची यांनी 1968 मध्ये मांडलेला नियम इथे हाताशी ठेवावा: गटांची रचना त्या गटांत फुटण्याच्या उंबरठ्याच्या आसपास प्रकट होते. म्हणूनच पहिल्या पावलातल्या रेषांवर एवढा जोर.

बेरिलियम-8 वर एक सुंदर गणित करता येतं. 0+, 2+ (3.03), 4+ (11.35) हा फिरणाऱ्या डंबेलचा पट्टा मानला, तर ऊर्जा कोनीय संवेग गुणिले त्याच्या पुढचा आकडा या प्रमाणात हव्यात: 6 आणि 20. 3.03 ला 6 ने भागून 0.505. दोन अल्फांचं लघुकृत वस्तुमान 2, म्हणजे 20.9 भागिले 2, भागिले अंतराचा वर्ग = 0.505. अंतर साडेचार फेम्टोमीटर. अल्फाची त्रिज्या सुमारे 1.7 असताना दोघांच्या केंद्रांत इतकं अंतर म्हणजे अल्फा एकमेकांत विरघळलेले नाहीत, शेजारी उभे आहेत. 4+ वरून 4.3 येतं. एवढ्या रुंद पातळ्यांच्या मानाने हे जुळणं पुरेसं आहे.

आणि मग कार्बन-12 ची 7.654 ची 0+, हॉयल अवस्था. तीन अल्फांच्या उंबरठ्यावर 380 केईव्ही, बेरिलियमच्या उंबरठ्यावर 287. विश्वात कार्बन इतका आहे त्याअर्थी इथे पातळी असलीच पाहिजे, असा तर्क फ्रेड हॉयलने 1953 मध्ये कॅलटेकमध्ये मांडला आणि वॉर्ड व्हेलिंगच्या गटाने ती शोधून दाखवली. बोरॉन-12 च्या बीटा क्षयातून तयार झालेली ही अवस्था अल्फांत फुटते, हे 1957 मध्ये दिसलं. आपली पावलं तिच्यावर चालवून पाहा. रुंदी 9 ईव्हीच्या आसपास, कारण अडीच एमईव्हीच्या अडथळ्यासमोर हाती फक्त 0.287. तरी लघुकृत रुंदी विग्नर मर्यादेच्या तोडीची निघते, म्हणजे अल्फांचीच रचना. थेट तीन अल्फांत फुटण्याचं प्रमाण 0.05 टक्क्यांहून कमी. बाकी सगळं बेरिलियम-8 मार्गे. मूळ अवस्थेकडे एक गॅमा निषिद्ध, म्हणून 3.21 एमईव्हीचा गॅमा सोडून 4.44 वर आणि तिथून खाली. दहा हजारांत साधारण चार वेळा हे घडतं, आणि विश्वातला जवळजवळ सगळा कार्बन त्या चार वेळांतून येतो.

पाऊल सातवं: आरशात पडताळा

प्रोटॉन-न्यूट्रॉनची अदलाबदल केलेलं केंद्रक पाहावं. कार्बन-13 आणि नायट्रोजन-13 मध्ये 3/2− पातळ्या 3.68 आणि 3.50 ला जवळपास जुळतात. 1/2+ मात्र 3.09 वरून 2.37 ला घसरते. कार्बन-13 मध्ये ती न्यूट्रॉनच्या 4.95 च्या उंबरठ्याखाली आहे. नायट्रोजनमध्ये ती प्रोटॉनच्या 1.94 च्या वर जाते आणि 30 केईव्हीच्या आसपास रुंद होते. शून्य कक्षीय संवेगाच्या न्यूट्रॉन-प्रोटॉनपुढे केंद्रोत्सारी अडथळा नसतो, म्हणून त्यांचा विस्तार बाहेर पसरतो आणि प्रोटॉनची कूलॉम ऊर्जा कमी होते. तेव्हा आरशातल्या जोडीत एखादी पातळी अर्ध्या एमईव्हीहून जास्त सरकलेली दिसली, तर तिथे सैल बांधलेला, शून्य कक्षीय संवेगाचा न्यूक्लिऑन आहे का, ते आधी तपासावं.

रुंद पातळ्यांची वेगळी काळजी

रुंदी एमईव्हीच्या घरात गेली की तक्त्यातली ऊर्जा हा एक संकेत उरतो. शिखराची जागा, आर-मॅट्रिक्स या जुळणीच्या गणितातली ऊर्जा आणि ध्रुवाची जागा (विकिरणाचं सूत्र जिथे अनंत होतं ती) असे तीन वेगवेगळे आकडे मिळतात, आणि दोन शोधनिबंध एकाच पातळीला वेगळी उंची देतात. कार्बनमध्ये 10 एमईव्हीच्या आसपास असंच झालं. तिथल्या रुंद 0+ खाली हॉयल अवस्थेवर उभारलेली 2+ दडलेली होती, आणि ती आहे की नाही यावर कित्येक वर्षं वाद चालला. ड्यूक विद्यापीठातल्या गॅमा झोताने कार्बन-12 फोडून अल्फांचं कोनीय वितरण मोजलं गेलं, तेव्हा 2013 मध्ये 10.0 च्या जवळची 2+ वेगळी काढता आली. अशा पट्ट्यात काम करताना नुसत्या ऊर्जेच्या आलेखावर विसंबू नये, कोनीय वितरण मागून घ्यावं. आणि दोन पातळ्यांचा स्पिन-पॅरिटी एकच असेल तर त्यांच्या रुंद्या सुट्या सुट्या बेरजेत न धरता व्यतिकरणासह एकत्र बसवाव्यात.